पोपडे

घरातल्या भिंतींकडे आपण रोज पाहतो, जमिनीकडे तर पावलागणिक पाहावे लागते. छताच्या वाट्याला मात्र आपली नजर क्वचितच येते. आजारपणात पाठीवर पडून राहण्याची वेळ आली म्हणजे निजायच्या खोलीच्या छताशी थोडाफार परिचय होतो. न्हाणीघराच्या छताचे तेवढेही भाग्य नाही. तेथे मनुष्य डोळे मिटून अंगावर पाणी ओततो आणि डोळे उघडून पंचा शोधतो. आमचे मात्र असे झाले की, तीस-बत्तीस वर्षे आम्ही न्हाणीघराच्या छताकडे रोज, आणि तेही वाकड्या नजरेने, पाहत आलो. त्याचे पोपडे निघत होते.

पोपडा हा शब्द मोठा नेमका आहे. फुगणे, पोकळ होणे आणि गळून पडणे या तिन्ही गोष्टी त्याच्या उच्चारातच ऐकू येतात. आधी रंगाखाली पापडासारखा एक फुगा दिसू लागतो. बोटाने दाबला तर आत वारा असल्यासारखा दबतो. मग त्याला बारीक चीर पडते, कडा वाळलेल्या पानासारख्या वर वळतात, आणि एके दिवशी सकाळी तो आपल्या बादलीत तरंगताना आढळतो. त्याच्या जागी छतावर पांढुरका, भुकटी सुटणारा डाग राहतो आणि डागाच्या कडेने काळी बुरशी धरते. आम्ही दर दिवाळीला त्यावर रंगाचा हात फिरवीत असू. दर फाल्गुनात डाग मागच्यापेक्षा वीतभर मोठा होऊन परत येई.

आमचे घर ग्वाल्हेरच्या लष्करातले. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली येथे स्थिरावली आणि छावणी उठून गेली नाही म्हणून गावाचेच नाव लष्कर पडले, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. या जुन्या वस्तीतल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याही घराला लाकडी माळवद नाही, दगडी पटियांचे छत आहे. इकडच्या वालुकाश्माच्या लांबलचक पटिया एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टाकायच्या, सांधे चुन्याने भरायचे, वर चुन्याचा कोबा कुटायचा आणि खालून चुन्याचा गिलावा करायचा, अशी ही पद्धत. पटिया शंभर वर्षे हलत नाही. पण ती दगड आहे, आणि दगडाचा स्वभाव थंडीत दगडाचाच राहतो. येथे जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येणे काही नवल नव्हे. त्या दिवसांत पहाटे छताला हात लावला तर बोटे झिणझिणतात.

१९८९ साली घराची वाटणी झाली. खालचा मजला आमच्याकडे आला, वरचा चुलतबंधूंकडे. ते आमच्याहून सहा वर्षांनी वडील, म्हणून आम्ही त्यांना दादा म्हणतो. वाटणी कज्ज्याखटल्यावाचून झाली, याचा दोन्ही मजल्यांना अभिमान होता. त्यांचे न्हाणीघर बरोबर आमच्या न्हाणीघरावर. १९९१च्या हिवाळ्यात आमच्या छताचा पहिला पोपडा पडला, तेव्हा त्याचे कारण शोधण्यासाठी आम्हांला मान वर करण्यापलीकडे काहीच श्रम पडले नाहीत. वर पाणी, खाली ओल. यात विचार तो कसला करावयाचा?

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. आमची सारी नोकरी हिशेबतपासणीत गेली. पावतीवाचून खर्च मांडणाऱ्याला आम्ही कधी सोडले नाही. एका अधिकाऱ्याच्या प्रवासभत्त्यातील अकरा रुपयांसाठी आम्ही तीन स्मरणपत्रे धाडल्याची आख्यायिका कचेरीत पुष्कळ वर्षे सांगितली जात असे, आणि ती खरी आहे. त्या आम्ही आमच्या घरातल्या या खात्यात एकही पावती मागितली नाही.

मागितली असती तर काय दिसले असते? पोपडे निघत ते मार्गशीर्षापासून माघापर्यंत; चैत्र लागला की छत कोरडे. वरची मोरी गळत असती तर ती काय तिथी पाहून गळली असती? डाग मोठा होता तो बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात. वरची मोरी होती नेमकी समोरच्या कोपऱ्यात. २०१२च्या डिसेंबरापासून दादांचे सारे कुटुंब तीन महिने पुण्याला मुलाकडे राहिले, वर कुलूप होते, नळ बंद होता, आणि तरीही माघात आमच्या बादलीत पोपडे पडले. त्याचा खुलासा आम्ही सौ.ला असा दिला की, ही जुनी मुरलेली ओल आहे. दुसऱ्या कोणी असा खुलासा आमच्या टेबलावर ठेवला असता तर आम्ही तो लाल शाईने गोल करून परत पाठवला असता.

आता २००३ सालची हकीकत सांगणे भाग आहे. सुरुवातीची काही वर्षे जिन्यात भेटल्यावर सहज सांगावे तसे आम्ही सांगत होतो, “दादा, तुझी मोरी जरा पाहा.” पुढे त्या सांगण्यात धार आली. मग सांगणे थांबले आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. आणि चिठ्ठीत ‘तू’चे ‘आपण’ झाले. मराठी घरात ‘तू’चे ‘आपण’ होणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल. त्या वर्षीच्या जानेवारीत दादांनी काही न बोलता न्हाणीघराची सगळी फरशी फोडली, नळाचे जोड बदलले, नवा कोबा घातला, नवी फरशी बसविली. दीड महिना काम चालले. त्या दीड महिन्यात काकू, म्हणजे दादांच्या मातोश्री, चौकात पत्र्याच्या आडोशाला स्नान करीत. वय पंचाहत्तरीपुढचे, गुडघे गेलेले. एका हाताने कठडा धरून त्या रोज जिना उतरत आणि सून मागून गरम पाण्याची बादली घेऊन येई. आमच्या न्हाणीघराचे दार त्या आडोशापासून दहा पावलांवर होते. काकूंनी विचारले नाही आणि आम्ही म्हटले नाही.

पुढच्या हिवाळ्यात पोपडे पुन्हा निघाले. आम्ही निष्कर्ष काढला की, दादांचा गवंडी अडाणी होता. तेव्हापासून वरचा आणि खालचा मजला यांच्यात दिवाळीचा फराळ तेवढा जाई-येई, आणि तोही मुलांच्या हाती. काकू २००६ साली गेल्या.

२०२३च्या दिवाळीनंतर आम्ही एका वृद्ध पुताईवाल्याला बोलावले. इकडे रंगसफेदी करणाऱ्यास पुताईवाला म्हणतात. त्याने घडवंचीवर चढून खिळ्याच्या डोक्याने छतावर टकटक केली. जेथे गिलावा धरून होता तेथे आवाज भरीव येई, जेथे सुटला होता तेथे मडक्यासारखा. मग त्याने एक पोपडा सोलून आमच्या हाती दिला. त्याची खालची बाजू चकचकीत हिरवी आणि वरची, म्हणजे छताला चिकटलेली, चुन्याने पांढरी. “बाबूजी, रंग ने चूना नहीं छोड़ा,” तो म्हणाला, “चूना साथ लेकर गिरा है. यह ऊपर का पानी नहीं लगता. नीचे की भाप है.” आम्ही त्याला ऐकविले की, आम्ही हे छत बत्तीस वर्षे पाहत आहोत. त्यावर तो म्हणाला, “तो देख लेते हैं,” आणि स्वयंपाकघरातून पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा कागद मागून घेतला.

त्याची रीत अशी होती. आधी सगळा सुटलेला रंग खरवडून छत उघडे करायचे. ते तीन आठवडे वाळू द्यायचे. तोवर आम्ही मागच्या खोलीतल्या छोट्या मोरीत स्नान करायचे, आणि वर मात्र दादांकडे रोजचे पाणी चालू. मग वाळलेल्या छतावर त्या चंदेरी कागदाचा वीतभर चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवायचा. पाणी वरून झिरपत असेल तर कागदाच्या आतल्या बाजूला ओल धरेल. ओल खोलीतली असेल तर थेंब कागदाच्या तोंडावर, खालच्या बाजूला, दिसतील. कचेरीत आम्ही याला उलटतपासणी म्हटले असते.

खरवडणे हे काम ऐकायला सोपे वाटते. आम्ही हौसेने पटाशी हाती घेतली, सौ.ने घडवंची धरली, आणि दहा मिनिटांत मान अवघडून आम्ही खाली उतरलो. बाकीचे त्यानेच केले. मात्र तो कोरडे कधी घाशीत नसे. पाणी मारून ओले करी आणि मग खरवडी, तोंडाला फडके बांधून. जुन्या तेलरंगात शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगातील शिशाला दशलक्ष भागांत ९० अशी मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरापासून लागू झाली, त्यापूर्वीच्या रंगाची धूळ श्वासावाटे आत जाऊ देऊ नये, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. हिरव्या तेलरंगाखाली पांढऱ्या चुन्याचे थर होते, त्यांच्याखाली निळीची झाक असलेले; कांद्याच्या पाकळीसारखा एकेका दिवाळीचा एकेक पापुद्रा. आजोबांच्या वेळेपासूनच्या या सगळ्या थरांत एकही स्वतःहून सुटलेला नव्हता. सुटला होता तो हिरव्यापासून.

कागद चिकटवून आठवडा झाला. वर रोज पाणी पडत होते. त्याचा आवाज आम्ही कान देऊन ऐकत होतो. आठव्या दिवशी कागद काढला. आतली बाजू कोरडी ठणठणीत. दुसरा चौकोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा तेथेच गरम पाण्याने स्नान केले. पाव तासात कागदाच्या तोंडावर मोहरीएवढे थेंब उभे राहिले, एकमेकांत मिळून मोठे झाले, आणि एक थेंब आमच्या चष्म्यावर पडला. कागदाची आतली बाजू तेव्हाही कोरडीच होती.

मग उरलेला हिशेब आपोआप जुळत गेला. वाटणीपूर्वी, म्हणजे १९८६पर्यंत, या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. बंबाच्या निखाऱ्यांनी खोली कोरडी आणि उबदार राही, आणि बाहेरच्या भिंतीत छताजवळ दगडी जाळी होती तिच्यातून धूर जाई; धुराबरोबर वाफही जाई. त्या वर्षी आम्ही हौसेने गीझर बसविला. बंब माळ्यावर गेला. धूर नाही तर जाळी कशाला, आणि तिच्यातून थंडी येते, कबुतरे येतात, म्हणून आम्ही ती विटांनी बुजविली. आणि छत धुऊन काढता यावे म्हणून त्याच साली त्यावर तेलरंग दिला. तिन्ही कामांच्या पावत्या आमच्या फायलीत तारखेसह लावलेल्या आहेत. गरम हवेत वाफ पुष्कळ मावते. ती हवा थंड पटियेला टेकली की वाफेचे पाणी होते. चुना ते पाणी सकाळी पितो आणि दुपारी परत सोडतो. तेलरंग पितही नाही आणि सोडतही नाही; पण त्याला केसाएवढी चीर पडली की पाणी तिच्यातून मागच्या चुन्यात शिरते, आणि मग त्याला बाहेर पडायला वाट नसते. ते आपली वाट रंग ढकलून करते. पहिली दोन-चार वर्षे रंग नवा होता, तो टिकला. तेवढ्यात वाटणी झाली आणि आम्हांला वर पाहण्याची सोय झाली.

तो कागद घेऊन आम्ही जिना चढलो. चौदा पायऱ्या आहेत. दादा पलंगावर वर्तमानपत्र वाचीत होते. आम्ही कागदाची कथा सांगितली, मध्ये एकदोनदा घसा खाकरावा लागला. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“मला हे २००३ सालीच ठाऊक होतं,” ते म्हणाले. “फरशी फोडली तेव्हा खालचा कोबा कोरडा होता. गवंड्यानं दाखवला मला.”

“मग तू बोलला का नाहीस, दादा?”

“फोडायच्या आधीही मी आईला म्हटलं होतं, आपली मोरी गळत नाही. ती म्हणाली, तरी फोड. त्याच्या मनातून जाईल एकदाचं.”

आम्ही कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. वहिनी चहा घेऊन आल्या. चहात आले होते, इतके आठवते. त्या आडोशाचा विषय आम्ही काढला तेव्हा दादा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “पाणी फार लवकर निवायचं, एवढंच ती म्हणायची.” याला उत्तर नव्हते. आम्ही क्षमा मागितली. ती दादांची मागितली. जिची मागायची ती तसबिरीत होती.

दुरुस्तीचे पुढचे काम फेब्रुवारीत केले, कारण कडाक्याच्या थंडीत चुना नीट धरत नाही. आधी बाहेरून विटा काढून जाळी मोकळी केली. आतल्या दगडावर बंबाची काजळी तशीच होती. कबुतरांसाठी बाहेरून तारेची जाळी ठोकली. बुरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन काढली. पोकळ गिलावा पाडून तेथे एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली बारीक वाळू असा गिलावा भरला. आम्ही सिमेंट सुचविले, तेव्हा पुताईवाल्याने “दम घुट जाएगा, बाबूजी,” असे म्हणून ते बाजूला सारले. आमचा की छताचा, ते त्याने स्पष्ट केले नाही. कळीचा चुना पाण्यात टाकून विरवला. पाण्यावर चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नव्हे, आणि तोंड लांब ठेवायचे, कारण तो उकळून अंगावर येतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. चार दिवस मुरल्यावर फडक्यातून गाळला, थोडे जवसाचे तेल आणि चिमूटभर नीळ घातली, आणि ताकासारखा पातळ करून तीन हात दिले. प्रत्येक हातापूर्वी छत ओले करायचे आणि दोन हातांत एक दिवस जाऊ द्यायचा. पहिला हात दिल्यावर काहीच दिसेना. ओला चुना पारदर्शक असतो. आमच्या चेहऱ्याकडे पाहून तो म्हणाला, सकाळी पाहा. सकाळी छत पांढरे होते. चुना हवेतला कर्बवायू ओढून हळूहळू पुन्हा दगड होतो, ही गोष्ट शाळेत शिकलो होतो. ती घरात घडताना त्या दिवशी प्रथम पाहिली.

ज्यांची घरे सिमेंटच्या स्लॅबची आहेत त्यांनी आमचे अनुकरण करू नये. इंदूरला आमच्या मेहुण्यांच्या फ्लॅटमध्ये हाच विकार झाला, तेथे खरवडणे आणि वाळवणे एवढे समान. पुढे क्षाराला टिकणारा प्रायमर, खडूच्या लांबीऐवजी पांढऱ्या सिमेंटची पुट्टी (खडूची लांबी ओल लागली की पिठासारखी सुटते), आणि वर बुरशी न धरणारा पाण्याचा रंग, असा क्रम रंगाऱ्याने ठेवला. पण एक्झॉस्ट फॅन न बसविल्याने दोन हिवाळ्यांत सगळे जसेच्या तसे. मेहुण्यांच्या वर कोणाचे न्हाणीघर आहे, हे आम्ही मुद्दाम विचारून घेतले आहे.

२०२५च्या जानेवारीत आम्ही छत रोज तपासले. थंडीच्या दिवशी थेंब अजूनही धरतात; दहा वाजेपर्यंत निघून जातात. कोपऱ्यात रुपयाएवढ्या जागी जुना तेलरंग राहून गेला होता, तेथला चुना सुटला. तेवढा पुन्हा खरवडला. दादा ते पाहण्यासाठी काठी टेकीत खाली आले होते. वर पाहून म्हणाले, “जाळी उघडलीस ते बरं केलंस.” त्याचा अर्थ आम्हांला लगेच कळला नाही.

ग्वाल्हेरात जन्मून गाणे न येणे हा अपराधच. तो आम्ही आजन्म बंद दाराआड करीत आलो. न्हाताना गुणगुणण्याची सवय लहानपणची. मध्यंतरी बत्तीस नव्हे, चांगली सदतीस-अडतीस वर्षे ते गाणे विटांच्या आतच राहिले होते. त्या जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही डोक्यावर तांब्या घेऊन भैरवाचे सूर लावीत होतो, आणि जाळीतून वरून स्वच्छ आवाज आला :

“अरे, रिषभ चढतोय!”

आम्ही तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.